पंचवीस तासांचे दिवस

न्यूयॉर्कला बोटीने जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी आधी एकच विचारलं, "विमानाची भीती वाटते का?" भीती नाही म्हटल्यावर चौकशी पैशांवर आली. लेक न्यू जर्सीला असल्यामुळे विमानाने जाणं-येणं मला नवं नाही. पण दर वेळी खिडकीची झापडं ओढलेली, समोर अर्धवट पाहिलेला सिनेमा, आणि दोन जेवणांच्या मधे कधीतरी अटलांटिक महासागर येऊन गेलेला. इतकं पाणी ओलांडून त्यातलं थेंबभरही दिसू नये, याची मला जरा लाज वाटायला लागली होती.

त्यात हाती पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' आलं. हे पुस्तक १८८९ सालचं. त्याची सुरुवातच लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या सागरप्रवासाने होते. रमाबाई १८८६ च्या फेब्रुवारीत, ऐन हिवाळ्यात, 'ब्रिटिश प्रिन्सेस' नावाच्या बोटीने निघाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ ११ मार्चला होता, त्याला त्यांना पोचायचं होतं. आनंदीबाई तर त्याआधीच, १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. अठरा वर्षांची मुलगी, सोबत नवरा नाही, आणि मागे समुद्र ओलांडला म्हणून जातीबाहेर टाकायला टपलेली माणसं. त्या दोघींनी जे पाणी पाहिलं ते आपणही एकदा पाहावं, एवढंच माझ्या मनात होतं.

अटलांटिकवर ठरल्या वेळी ये-जा करणारी प्रवासी बोट आता जवळजवळ एकच उरली आहे, क्यूनार्ड कंपनीची 'क्वीन मेरी २'. एके काळी या वाटेवर बोटींची रांग असे. १८१८ साली 'ब्लॅक बॉल लाइन'च्या शिडांच्या जहाजांनी पहिल्यांदा नेम धरला की बोट भरो न भरो, ठरल्या तारखेला न्यूयॉर्कहून सुटायचंच. त्याआधी माल पुरेसा जमेपर्यंत उतारूंनी धक्क्यावर वाट बघत बसायची पद्धत होती. पुढे कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या सॅम्युएल क्यूनार्डने ब्रिटिश टपालाचा ठेका घेतला आणि १८४० च्या जुलैत 'ब्रिटानिया' ही वाफेवरची बोट लिव्हरपूलहून सोडली. उतारूंना ताजं दूध मिळावं म्हणून तिच्यावर एक गाय होती. हॅलिफॅक्सला पोचायला तिला साडेबारा दिवसांच्या आसपास लागले. १९०९ पर्यंत 'मॉरिटानिया' पाच दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडायला लागली, आणि १९५२ साली 'युनायटेड स्टेट्स' या अमेरिकन बोटीने तीन दिवस दहा तास चाळीस मिनिटांत पूर्वेकडचं अंतर कापलं. तो वेग पुढे कुठल्याच लायनरला साधला नाही. साधायची गरजही उरली नाही, कारण १९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमानं याच मार्गावर सुरू झाली आणि घाईत असलेली सगळी माणसं वर गेली.

खाली आम्ही उरलो, घाई नसलेले. म्हणून आजची बोट शंभर वर्षांपूर्वीच्या बोटीपेक्षा सावकाश जाते, हे ऐकायला चमत्कारिक वाटलं तरी खरं आहे. क्वीन मेरी तीस नॉटपर्यंत पळू शकते, पण पळत नाही. पूर्वी ती सहा रात्रींत पोचायची. इंधन वाचावं म्हणून आता सात घेते. वीसेक नॉट, म्हणजे ताशी सदतीस-अडतीस किलोमीटर. आपली एस्टी मोकळ्या रस्त्यावर याहून जोरात जाते.

जायची इच्छा असलेल्यांसाठी थोडं कामाचं. भारतीय पारपत्रावर ब्रिटनचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा आधी हातात लागतात. बोटीवर चढतानाच ते तपासतात. बोट सुटते साउदॅम्प्टनहून. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून तिथे गाडीने सव्वा-दीड तास. केबिन निवडताना बोटीच्या मधोमध आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची घ्यावी, कारण सगळ्यात कमी हलतं ते तिथे. उंचावरची सज्जाची केबिन महाग असते आणि जास्त झुलते. तिकिटाचं म्हणाल तर विमानापेक्षा ते चांगलंच जास्त पडतं, पण त्यात सात रात्रींचं राहणं आणि जेवणखाण आलं. संध्याकाळच्या पोशाखाचे काही नियम असतात आणि तेवढ्यासाठी पुरुषांची धावपळ होते. आपल्याला दोन बऱ्या साड्या पुरतात.

साउदॅम्प्टनला भरती बराच वेळ टिकून राहते. इंग्लिश खाडीची ठेवणच अशी की पाणी चढून पुन्हा थोडं चढतं, आणि मोठ्या बोटींना बाहेर पडायला भरपूर वेळ मिळतो. या बंदराचं भाग्य त्या पाण्यावर उभं आहे. १६२० ची 'मेफ्लॉवर' इथून निघाली होती, १९१२ ची 'टायटॅनिक'ही. सुटताना धुराड्यावरचा भोंगा वाजला तेव्हा तो कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू आला. बोटीच्या भोंग्यांतला एक मूळच्या 'क्वीन मेरी'वरून आणून बसवला आहे. ती जुनी बोट १९६७ पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला नांगरून ठेवलेली आहे.

अमेरिका पश्चिमेला, पण बोट आधी निघते पूर्वेला. साउदॅम्प्टनच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा मोठा दांडा आहे, त्याला वळसा घालून समोरच्या वाइट बेटावरच्या काउझसमोरून, पोर्ट्समथच्या बाजूने बाहेर पडावं लागतं. या वळणावर २००८ साली 'क्वीन एलिझाबेथ २' सारखी मुरलेली बोटही थोडा वेळ रुतून बसली होती. ३४५ मीटर लांबीचं धूड तिथून वळताना पाहिलं की कप्तानाशेजारी स्थानिक पायलट का लागतो ते समजतं. मे महिन्याची अखेर, रात्री नऊपर्यंत उजेड. वाइट बेट मागे पडेपर्यंत कोणी डेकवरून हललं नाही.

इंग्लिश खाडीत पहिल्या रात्री सगळीकडे दिवे होते. ही जगातली फार वर्दळीची वाट. बोटींना येण्या-जाण्याच्या मार्गिकासुद्धा आखून दिलेल्या आहेत. सिली बेटांपाशी बिशप रॉकचा दीपस्तंभ लागतो. वेगाच्या शर्यतीतल्या बोटींचं घड्याळ इथे सुरू व्हायचं किंवा थांबायचं. त्यानंतर मात्र दिवे संपतात. खाली जमिनीचं काय चाललंय ते वरून कळत नाही असं वाटतं, पण कळतं. युरोपच्या कडेचा समुद्र उथळ आहे, दीड-दोनशे मीटरांचा. ती पायरी एकदम संपते आणि तळ चार हजार मीटरांपर्यंत खाली जातो. पायरी ओलांडल्यावर लाटांची चालच बदलली. खाडीतल्या आखूड, चिडक्या लाटा गेल्या आणि लांब, संथ फुगवटे यायला लागले. हे फुगवटे इथल्या वाऱ्याचे नसतातच. शेकडो मैलांवर आधी कधीतरी झालेल्या वादळाचे असतात. वर स्वच्छ ऊन, वारा मंद, आणि तरी जेवणघरातल्या पेल्यांतलं पाणी तिरकं.

माझी केबिन नीट करणारा माणूस म्हापशाकडचा निघाला. मी मराठी बोलते हे कळेपर्यंत 'मॅडम', नंतर 'ताई'. त्याचे वडील बोटीवर, आजोबाही बोटीवर. मालवाहू, तेलवाहू, क्रूझ, सगळं करून तो इथे आलेला. संध्याकाळी उशी नीट करता करता त्याने खिडकीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "आज रातीं मात्शें हालतलें." मात्शें म्हणजे थोडं. किती थोडं ते रात्री कळलं.

बोटीला पोटाजवळ दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पट्ट्या असतात. त्या बाहेर काढल्या की डावीकडे-उजवीकडे झुलणं पुष्कळ कमी होतं. पण नाळ वर जाऊन खाली येते ते हेलकावणं थांबवायला काही उपाय नाही. केबिन जितकी पुढे किंवा मागे, तितका झोका मोठा. बोट लागलेल्यांसाठी जेवणघरात हिरवी सफरचंदं आणि आल्याची बिस्किटं ठेवलेली होती. माझ्याकडे आलेपाक होता. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लं करत जाणाऱ्या कोकणच्या बोटींत आमच्या आजीने हाच उपाय केला होता, आणि तिचा सल्ला असा की आडवं पडायचं नाही, बाहेर जाऊन दूरवर बघत उभं राहायचं. तो इथेही लागू पडला. कारण साधं आहे. डोळे केबिनच्या स्थिर भिंती बघतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग हलतंय म्हणून ओरडतो. क्षितिज दिसलं की दोघांचं एकमत होतं.

अशा पाण्यासाठीच ही बोट बांधलेली आहे. भूमध्य समुद्रात किंवा कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या क्रूझच्या बोटी रात्री हलकेच सरकतात आणि सकाळी नव्या बंदरात उभ्या असतात. वादळ आलं तर वाट बदलतात. लायनरला तारीख पाळायची असते, म्हणून ती वादळातून जाते. फ्रान्समध्ये सँ-नाझेरला क्वीन मेरी बांधताना स्टीफन पेन या आरेखकाने तिची नाळ लांब आणि धारदार ठेवली, पोलाद जाड घेतलं, आणि जीवरक्षक होड्या लाटांचा मार बसू नये म्हणून पाण्यापासून पंचवीसेक मीटर उंचीवर टांगल्या. हा सगळा खर्च सुंदर दिसण्यासाठी नाही, फेब्रुवारीतल्या अटलांटिकसाठी आहे. रमाबाईंची बोट आजच्या मापाने अगदीच लहान होती, आणि तिला हे पंखही नव्हते.

आता त्या पंचवीस तासांबद्दल. उन्हाळ्यात ब्रिटन आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत पाच तासांचं अंतर. पश्चिमेला जाताना पाच रात्री, पहाटे दोन वाजता, बोटीवरची घड्याळं तासभर मागे करतात. दुसऱ्या दिवशी जाग येते तेव्हा झोप पूर्ण झालेली असते आणि दिवस अजून कोवळाच असतो. विमानाने गेलं की लेकीकडचे पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जाग आणि दुपारी चारला पेंग, असे जातात. तो त्रास शरीराचा हट्ट नाही. शरीराला दिवसाकाठी जेमतेम तासाभराचा बदल पचतो, आणि बोट त्याला नेमका तेवढाच देते. हा वाढीव तास काय करायचा, हा प्रश्न मात्र दर दिवशी पडतो. ग्रंथालय मोठं आहे, हजारो पुस्तकांचं. तारांगण आहे, खरंखुरं, घुमटाचं. व्याख्यानं, नाच, पांढऱ्या हातमोज्यांतला दुपारचा चहा. मी बहुतेक वेळ डेकवर फिरण्यात आणि काहीही न करण्यात घालवला.

इथले कुत्रे पाहण्यासारखे आहेत. अटलांटिक ओलांडून पाळीव प्राण्यांना सोबत नेता येतं अशी ही बहुधा एकमेव प्रवासी बोट, आणि तिथल्या चोवीस घरकुलांसाठी लोक फार आधीपासून नंबर लावतात. प्राण्यांच्या डेकवर ब्रिटिश धाटणीचा दिव्याचा खांब आणि अमेरिकन धाटणीचा आगीचा नळ असे दोन्ही उभे केले आहेत. ज्याला ज्या देशाची सवय, त्याने तिथे पाय वर करावा.

मधला महासागर रिकामा असतो. विमानातून तो तसा वाटतच नाही, कारण तिथून तो दिसतच नाही. दिवसचे दिवस एकही जहाज नाही. रोज दुपारी बारा वाजता कप्तानाच्या कक्षातून घोषणा होते, आपण कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहोत, वारा किती, तळ किती खोल. खोलीचा आकडा मी वहीत लिहून ठेवायला लागले. चार हजार मीटरांच्या पुढे गेलेला हा आकडा मधेच कमी व्हायला लागतो, कारण खाली पर्वत आहेत. अटलांटिकच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या या रांगेत तळ फाटतो आहे, नवा खडक वर येतो आहे, आणि युरोप-अमेरिका दर वर्षी अडीचेक सेंटिमीटरने लांब जात आहेत. रमाबाईंना माझ्यापेक्षा साडेतीन मीटर कमी प्रवास करावा लागला.

या तळाच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात १८६६ साली 'ग्रेट ईस्टर्न' बोटीने आयर्लंडमधल्या व्हॅलेन्शियापासून न्यूफाउंडलंडपर्यंत तारेची केबल अंथरली. १८५८ ची आधीची केबल काही आठवड्यांतच निकामी झाली होती, ही टिकली. आज दोन खंडांमधलं जवळजवळ सगळं इंटरनेट अशाच केबलींतून समुद्राच्या तळाने जातं. आम्ही त्यांच्या डोक्यावरून जात होतो आणि आमचा निरोप मात्र आधी आकाशातल्या उपग्रहाकडे जाऊन मग खाली येत होता.

नकाशावर हा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. सपाट कागदावर वाकडा दिसणारा मार्गच गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळचा. पण वसंतात बोटी तो पूर्ण पाळत नाहीत, थोड्या दक्षिणेकडून जातात, कारण ग्रीनलंडकडून निघालेले हिमनग लॅब्रडोरच्या थंड प्रवाहाबरोबर याच सुमारास खाली येतात. १९१२ च्या १४ एप्रिलच्या रात्री टायटॅनिकला असाच एक भेटला. ती आता न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला सुमारे सहाशे किलोमीटरवर, ३,८०० मीटर खोल पडून आहे. पंधराशेच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातून दोन गोष्टी उभ्या राहिल्या. बोटीवरच्या प्रत्येकाला होडीत जागा हवी, हा नियम. आणि हिमनगांवर पाळत ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त, जी १९१४ पासून महायुद्धांचा काळ वगळता चालू आहे. बोटीवर पहिल्याच दिवशी सगळ्यांना जाकीट घेऊन गोळा करतात. काही जण या कवायतीत कंटाळून मोबाइल बघत होते. पुढे आपण कुठून जाणार आहोत हे त्यांना आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्यानंतर धुकं आलं. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ भागावर लॅब्रडोरचं गार पाणी आणि दक्षिणेकडून आलेला गल्फ स्ट्रीमचा कोमट प्रवाह एकमेकांना भिडतात, आणि कोमट पाण्यावरची दमट हवा गार पाण्यावर सरकली की तिचं धुकं होतं. सकाळी सज्जाचा कठडा ओला, आणि पलीकडे काहीच नाही, समुद्रही नाही. अशा वेळी चालत्या बोटीने दर दोन मिनिटांच्या आत एकदा लांब भोंगा द्यायचा असा नियम आहे. तो दिवसभर वाजत राहिला. पहिल्या तासाला लोकांना मजा वाटली, दुपारपर्यंत पत्ते खेळणारे वैतागले. खाली तळ पुन्हा वर आला होता, काही ठिकाणी शंभर मीटरांच्याही आत. जगातला नावाजलेला कॉड माशाचा दर्या हाच. शतकानुशतकं पोर्तुगाल, फ्रान्स, इंग्लंडच्या होड्या इथे आल्या, मग यंत्रांच्या मोठ्या जाळ्यांनी सगळं खरवडून नेलं, आणि १९९२ साली कॅनडाला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. न्यूफाउंडलंडमधले हजारो कोळी एका दिवसात बेकार झाले. कोकणातल्या पर्ससीन जाळ्यांवरच्या भांडणांत मला न्यूफाउंडलंडचं नाव अधूनमधून आठवतं.

धुक्यातल्या त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक जण म्हणाले की आपण विमान टाळून पृथ्वीवर उपकार करतोय. हा समज बऱ्याच जणांचा आहे आणि तो चुकीचा आहे. क्वीन मेरीचं वजन सुमारे ७९ हजार टन आणि प्रवासी सत्तावीसशेच्या आसपास, म्हणजे माणशी जवळजवळ तीस टन पोलाद, इंधन, स्वयंपाकघरं आणि पोहण्याचे तलाव. पूर्ण भरलेलं मोठं बोइंग ७७७ साडेतीनशे टनांचं, म्हणजे माणशी साधारण एक टन. वर हवा विरळ, इथे पाणी दाट. हिशेब सरळ बोटीच्या विरुद्ध जातो. ज्यांना खरोखर कमी धूर करून जायचं आहे त्यांच्यासाठी मालवाहू जहाज बरं, कारण ते तुम्ही असा-नसा, जाणारच असतं. नियमाने त्यावर बारापर्यंतच प्रवासी घेता येतात, कारण त्याहून जास्त झाले की ते प्रवासी जहाज ठरतं. पण कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी ती दारं बंद केली आहेत. मी बोटीने गेले ते समुद्र बघायला. त्याला परोपकाराचा मुलामा द्यायची मला गरज वाटत नाही.

शेवटच्या पहाटे चारलाच डेक भरलेला. न्यूयॉर्कच्या तोंडाशी पायलट चढला, आणि थोड्या वेळाने व्हेराझानो पूल समोर आला. या पुलाची उंची पाण्यापासून सुमारे ६९ मीटर. बोटीचं धुराडं त्याखालून जावं म्हणून मुद्दाम ठेंगणं केलेलं आहे. जाताना वर अवघे काही मीटर उरतात. त्यातही पूल उन्हाळ्यात तापून सैल पडतो आणि त्याचा रस्ता हिवाळ्यापेक्षा साडेतीन मीटरांहून जास्त खाली लोंबतो. वर पाहणाऱ्या प्रत्येकाने नकळत मान आखडून घेतली. मग डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवी, तिच्यामागे एलिस बेट. १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाख स्थलांतरित त्या बेटावरून अमेरिकेत शिरले. त्यातही पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच उरकायची, बेटावर रांगा लावायच्या त्या तळातल्या वर्गाने. आम्हाला ब्रुकलिनच्या रेड हूक धक्क्यावर उतरवलं. अधिकाऱ्याने शिक्का मारला, किती दिवस राहणार एवढंच विचारलं. सामान घेऊन बाहेर आले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मला सकाळचे नऊ वाजल्यासारखंच वाटत होतं.

म्हापशाच्या त्या माणसाला मात्र धक्क्यावर उतरायला फुरसत नव्हती. बोट संध्याकाळी परत निघणार, तोवर सगळ्या केबिनी रिकाम्या होऊन पुन्हा भरायच्या. जाताना त्याने बजावून सांगितलं, "ताई, परत येताना हिच्यावर नका." पूर्वेकडे जाताना हिशेब उलटा होतो, पाच दिवस प्रत्येकी तेवीस तासांचे. आणि तो तास रात्री काढत नाहीत, दुपारी बारा वाजता काढतात. बारानंतर लगेच एक. जेवून उठेपर्यंत चहाची वेळ, आणि मधली वामकुक्षी कंपनीच्या खात्यात जमा. परतीचं तिकीट मी विमानाचंच काढलं.